बेटावरची पत

मॉरिशसमधल्या एका मराठी मैत्रिणीने मध्यंतरी मला विचारलं, छोट्या बेटावर राहणाऱ्या माणसाने क्रेडिट कार्ड कोणतं घ्यावं? तिचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर करारी मजूर म्हणून गेले. घरात गणपती, भजनं आणि जपून वापरलेली थोडी मराठी शिल्लक आहे. बाकीचा संसार क्रेओल आणि फ्रेंचमध्ये चालतो. मला विचारण्याचं कारण एवढंच, की कथा-कादंबऱ्यांच्या अनुवादावर घर चालत नाही म्हणून मी बँकांची माहितीपत्रकंही मराठीत आणते. अनुवादकाला मजकुरातलं सगळं कळतं असा लोकांचा गोड गैरसमज असतो.

मुंबई-पुण्याचा माणूस कार्ड घेताना वार्षिक शुल्क बघतो, पॉइंट बघतो, विमानतळावर फुकट चहा-नाश्ता मिळेल का ते बघतो. बेटावरच्या माणसाला आधी वेगळे प्रश्न पडतात. ज्याला पैसे द्यायचे तो बहुतेक वेळा पाण्यापलीकडे असतो. तो हे कार्ड मानेल का? बिल दुसऱ्याच चलनात लागलं तर मधल्यामध्ये किती कापतील? कार्ड हरवलं तर नवं बेटापर्यंत पोचायला किती दिवस? आणि फेडता आलं नाही तर कशावर हात ठेवतील? व्याजाचा दर या चारांच्या नंतर येतो.

तिला मी जमेल तसं उत्तर लिहिलं. पण हे चारही प्रश्न मला ओळखीचे वाटत होते. मी म्हैसूरला राहते. इथून पंधराएक किलोमीटरवर कावेरी दुभंगते आणि पुन्हा एक होते. मधे जे बेट उरतं ते श्रीरंगपट्टण. लांबी जेमतेम पाच किलोमीटर, रुंदी दीडेक. १६१० मध्ये राजा वोडेयराने ते घेतलं तेव्हापासून १७९९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन शतकं, एका मोठ्या राज्याची राजधानी या एवढ्याशा बेटावर होती. पुण्याहून मराठे इथे आले ते तीर्थयात्रेला नव्हे, वसुलीला. आपल्या शाळेच्या पुस्तकात या मोहिमा तलवारींच्या आहेत. कागदपत्रांत मात्र त्या पुष्कळशा हप्त्यांच्या, जामिनांच्या आणि नाण्यांच्या बट्ट्याच्या आहेत.

आधी थोडं शब्दांबद्दल, कारण माझा धंदा तो आहे. 'क्रेडिट'ला मराठीत एक प्रतिशब्द नाही. वहीच्या पानावर ते 'जमा' असतं, वाण्याच्या दुकानात 'उधारी' होतं आणि चारचौघांत 'पत'. जमा म्हणजे आलेलं, उधारी म्हणजे द्यायचं राहिलेलं, आणि पत म्हणजे यातलं काहीच हातात नसताना माणसाकडे जे असतं ते. क्रेडिट कार्डाला 'पतपत्र' म्हणून मी एकदा पाहिलं. संपादकाने ते मुकाट्याने खोडलं आणि बरोबर केलं. पण पतपेढी, पतसंस्था, पतपुरवठा, पतमर्यादा हे शब्द आपण सहज वापरतो, आणि त्याच तोंडाने 'त्याची गावात काही पत राहिली नाही' असंही म्हणतो. बाजारातली किंमत आणि माणसांतली किंमत यांना मराठीने एकच शब्द ठेवला. 'बट्टा' तसाच. झिजलेलं किंवा परगावचं नाणं घेताना सराफ जी सूट कापून घेई तो बट्टा, आणि नावाला लागतो तोही बट्टाच. इथे कन्नडमध्ये कर्जाला 'साल' म्हणतात. म्हैसूरला नवी असताना एका दुकानदाराच्या तोंडी हा शब्द ऐकून तो कुठल्या वर्षाबद्दल बोलतो आहे याचा मी बराच वेळ विचार करत होते. उलट, शिवरायांच्या सोन्याच्या नाण्याला आपण 'होन' म्हणतो तो शब्द कन्नडच्या 'होन्नु'चा, म्हणजे सोन्याचा, सख्खा भाऊ. पैशाच्या बाबतीत या दोन भाषांमध्ये नदी फार रुंद नव्हती.

१७५७ च्या मार्चमध्ये नानासाहेब पेशवे फौज घेऊन या नदीच्या काठाशी आले. गादीवर वोडेयर होते, पण कारभार नंजराजाच्या हाती. पेशव्यांची मागणी आणि नंजराजाची घासाघीस यांतून आकडा ठरला ३२ लाखांचा. खजिन्यात एवढी रक्कम नव्हती. नगद आणि जडजवाहीर मिळून पाचेक लाख जमले आणि बाकीच्या रकमेपोटी राज्याचे तेराएक तालुके गहाण पडले. गहाण म्हणजे नुसतं कागदावर नव्हे. मराठ्यांचे अंमलदार तिथे जाऊन बसले आणि महसूल वसूल करू लागले. पेशवे परत फिरले.

याच सुमारास हैदर नावाचा एक सरदार बेटावर आला. त्याने नंजराजाला सल्ला दिला तो भूगोल ओळखणाऱ्या माणसाचा होता. कोडगूत पाऊस सुरू झाला की जूनपासून कावेरी फुगते, उतार बंद होतात आणि पुण्याहून फौज येणं काही महिने अशक्य होतं. तेव्हा पावसाच्या तोंडावर मराठ्यांच्या अंमलदारांना हाकलून द्यावं. तसं झालं. आजच्या भाषेत, कर्जदाराने तारण परत बळकावलं आणि वसुली अधिकाऱ्याला वेशीबाहेर काढलं.

मराठे अर्थातच परत आले. १७५९ मध्ये गोपाळराव पटवर्धन मोठी फौज घेऊन उतरले. या वेळी म्हैसूरच्या बाजूने सेनापती होता तोच हैदर. काही महिने चन्नपट्टणाच्या आसपास चकमकी झाल्या, कोणाचं निर्णायक काही होईना, आणि बोलणी सुरू झाली. पुढे जे घडलं ते मार्क विल्क्सने लिहून ठेवलं आहे. विल्क्स हा कंपनीचा अधिकारी, नंतर म्हैसूर दरबारी रेसिडेंट. हैदर-टिपूच्या काळातल्या माणसांशी बोलून, दप्तरं चाळून त्याने म्हैसूरचा इतिहास लिहिला. (हाच पुढे सेंट हेलेना या बेटाचा गव्हर्नर झाला आणि १८१५ मध्ये नेपोलियन कैदी म्हणून तिथे उतरला तेव्हा बेटाचा कारभार त्याच्याकडे होता. बेटं या माणसाचा पाठलाग करत होती असं वाटतं.)

विल्क्सच्या सांगण्याप्रमाणे तह ठरला तो असा: मराठ्यांनी गहाणाचे तालुके सोडायचे आणि म्हैसूरने मागचं-पुढचं सगळं देणं मिटवायला ३२ लाख द्यायचे. हैदरने दरबारच्या नोकरांकडून, सरदारांकडून नजराण्याच्या नावाखाली रक्कम गोळा केली. निम्मी जमली, १६ लाख. उरलेले १६ लाख कुठून आणायचे? ते मराठ्यांच्या छावणीतल्याच सावकारांनी अंगावर घेतले. कोणाच्या जामिनावर? हैदरच्या स्वतःच्या. राजाच्या नाही, नंजराजाच्या नाही. सुटून येणारे तालुके हैदरच्या ताब्यात राहतील आणि त्यांच्या वसुलीतून तो ही रक्कम फेडील, असं त्यात गृहीत होतं.

या प्रसंगापाशी मी नेहमी थांबते. हैदर तेव्हा राजा नव्हता. दोन वर्षांपूर्वी हेच देणं बुडवण्याचा सल्ला देणारा तोच होता. आणि तरी पुण्याकडच्या सावकारांनी त्याच्या शब्दावर १६ लाख उभे केले. भोळेपणा म्हणावा तर सावकार भोळे नसतात. त्यांनी बघितलं असावं ते एवढंच, की फेडण्याची इच्छा कोणाला आहे हे कळणं कठीण, पण फेडण्यात कोणाचा फायदा आहे हे कळतं. तालुके हातात राहायचे असतील तर हैदरला देणं फेडावंच लागणार होतं. आणि हैदरने काय साधलं? धनको पेशव्यांचा सेनापती. पण सेनापती आणि आपण यांच्यामध्ये त्याने धनकोच्याच घरचा सावकार आणून बसवला. गोपाळरावांना पैसे मिळाले असं समजून ते निघून गेले. हैदरचं देणं उरलं ते सावकाराशी, आणि सावकार तोफा घेऊन येत नाही. या एका व्यवहाराने गहाण सुटलेला मुलूख, फौजेचा पगार आणि दरबारातलं वजन हे तिन्ही एका माणसाच्या हाती आलं. १७६१ मध्ये सत्ता त्याची झाली. त्याच्या पराक्रमाच्या गोष्टी खऱ्याच आहेत, पण पायरी म्हणून मला ही उधारी जास्त पक्की वाटते.

आता हुंडीचं थोडं सांगायला हवं, कारण बेटावरच्या माणसाचे ते चार प्रश्न हुंडीने फार पूर्वी सोडवले होते. पुण्याच्या पेढीवर रक्कम भरली, की पेढी दूरच्या गावच्या आपल्या आडत्याच्या नावे चिठ्ठी देई: या माणसाला इतके द्यावेत. दाखवताच पैसे मिळत ती दर्शनी, ठरल्या दिवसांनी मिळत ती मुदती. कोणाला द्यायचे यावरूनही प्रकार होते. शाहजोग हुंडीचे पैसे कोणत्याही येऱ्यागबाळ्याला मिळत नसत, बाजारात ओळख असलेल्या प्रतिष्ठित माणसाच्या हातीच पडत. म्हणजे वाटेत चोराने हुंडी पळवली तरी त्याच्या उपयोगाची नव्हती. आज आपण चार आकडी पिन दाबतो त्याऐवजी तिथे माणसाची ओळख होती. हुंडी हरवलीच तर दुसरी प्रत मिळे, ती पेठ. तीही गहाळ झाली तर तिसरी, परपेठ. पैसे चुकते झाले की कागदावर तशी नोंद होऊन त्याचा खोका होई. जोखमी हुंडी तर याहून हुशार: माल जहाजाने निघाला आणि सुखरूप पोचला तरच पैसे द्यायचे, बुडाला तर हुंडीही बुडाली. कर्ज आणि विमा एकाच कागदावर. या सगळ्यासाठी सराफ जे घेई ती हुंडणावळ.

माझ्या मैत्रिणीच्या पत्रातला दुसरा प्रश्न हुंडणावळीचाच होता. आपल्याकडच्या बहुतेक कार्डांवर परकी चलनात खर्च केला की दोन ते साडेतीन टक्के वर लागतात आणि ही ओळ माहितीपत्रकात शेवटून दुसऱ्या पानावर असते. मी अनुवाद करताना तिथे 'हुंडणावळ' लिहावं असं मला दर वेळी वाटतं. लिहीत नाही.

हुंडीला एकच अट होती: चिठ्ठी ज्याच्या नावे आहे त्याच्यापर्यंत पोचता आलं पाहिजे. वेढा पडला की बेटाला हेच जमत नाही. आतल्या माणसाची पत बाहेरच्या पेढीवर असते आणि बाहेरची पेढी शत्रूच्या छावणीत बसलेली असते.

आणि ती छावणी केवढी होती याचं चित्र १७९१ चं आहे. इंग्रज, निजाम आणि मराठे या तिघांनी मिळून टिपूवर चढाई केली होती. मे महिन्यात कॉर्नवॉलिस बेटाजवळ पोचला, अरकेरेला लढाई जिंकला, पण बैल मेले, धान्य संपलं, पाऊस सुरू झाला. त्याने स्वतःच्या जड तोफा फोडून टाकल्या आणि माघार घेतली. मेलुकोटेच्या बाजूला उपाशी इंग्रज फौजेला समोरून घोडेस्वार येताना दिसले. शत्रू समजून ते सावरले, तर ते मराठे निघाले. हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा उशिरा का होईना येऊन भिडल्या होत्या. त्यांच्याबरोबर बाजार होता. विल्क्सने त्याचं जे वर्णन केलं आहे त्यात कौतुक आणि तिरस्कार सारखाच मिसळलेला आहे. विलायती कापड, बर्मिंगहॅमचे चाकू, काश्मिरी शाली, हिरे, गरीब बाईच्या कानातलं लुटून आणलेलं चांदीचं डूल, आणि आपल्या कोकणातली सुकी मासळीसुद्धा. म्हैसूरच्या पठारावर, शत्रूच्या मुलखात, युद्धाच्या मध्यावर बोंबील विकत मिळत होते असं समजायला हरकत नाही. आणि रस्त्यावर उघड्यावर सराफांच्या फळ्या, त्यांवर पूर्वेकडच्या साऱ्या देशांची नाणी पसरलेली. उपाशी इंग्रजांना धान्य मिळालं. भाव अर्थात छावणीचा.

गंमत अशी, की इतका बाजार घेऊन फिरणारे सेनापती स्वतः मात्र कफल्लक होते. हरिपंतांनी कॉर्नवॉलिसला सांगितलं, की पैशावाचून फौज उभी ठेवता येत नाही. कॉर्नवॉलिसने सुमारे १२ लाख रुपये त्यांना कर्जाऊ दिले. ते आणले कुठून, तर चीनला चहा खरेदीसाठी मद्रासहून निघालेल्या जहाजांवरची चांदी उतरवून घेतली आणि तिचे रुपये पाडले. कँटनच्या चहाचे पैसे मराठा शिलेदाराच्या थकल्या पगारात गेले. छावणीत सावकारांची रांग असताना हरिपंतांना इंग्रजापुढे हात का पसरावा लागला? मला वाटतं, १७५९ आणि १७९१ मधला फरक इथेच दिसू लागतो. सावकार तेच होते, फळ्या त्याच होत्या, पण मोठ्या रकमेची पत आता मद्रासच्या बंदराकडे सरकली होती.

दुसरी पतही त्याच वर्षी गेली, आणि मराठीत लिहिताना ती गोष्ट वगळून पुढे जाणं मला योग्य वाटत नाही. परशुरामभाऊंच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. शारदेचं ते पीठ, जिथे मराठी ब्राह्मण घराणीच्या घराणी माथा टेकत होती. मठाच्या स्वामींनी दाद मागितली ती टिपूकडे, आणि टिपूने पैसे, धान्य, देवीसाठी वस्त्रं धाडली. ही कन्नड पत्रं १९१६ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या आर. नरसिंहाचारांनी उजेडात आणली. 'फौज आमची, पण पेंढारी आमचे नव्हेत' हा खुलासा मराठी लेखनात अनेकदा येतो. छावणीचा बाजार पेंढाऱ्यांच्या लुटीवर चालत होता, तेव्हा या खुलाशाला बाजारभावाने किती किंमत द्यायची ते ज्याने त्याने ठरवावं. इथल्या लोकांच्या बोलण्यात मराठ्यांची आठवण निघते तेव्हा शृंगेरी निघते. समोर कोण बसलं आहे हे लक्षात आलं की विषय सौजन्याने बदलतो.

फेब्रुवारी १७९२ मध्ये तिन्ही फौजा पुन्हा बेटाभोवती बसल्या आणि टिपूला तह करावा लागला. १८ मार्चच्या तहात अर्धं राज्य गेलं आणि शिवाय ३ कोटी ३० लाख रुपये. त्यातले १ कोटी ६५ लाख ताबडतोब, उरलेले तीन हप्त्यांत, प्रत्येक हप्ता चार महिन्यांच्या आत. तहाचं हे कलम कार्डाच्या अटींसारखं वाचण्याजोगं आहे. पैसे कशात द्यायचे हे त्यात स्पष्ट आहे: होन, मोहरा किंवा पुऱ्या वजनाचे आणि कसाचे रुपये, नाहीतर सोन्याचांदीच्या लगडी. हुंडी नाही. कोणा सावकाराची हमी नाही. तिघा धनकोंना टिपूचा कागद नको होता, वजन करता येईल असा धातू हवा होता.

आणि हप्त्यांना तारण काय? टिपूचे दोन मुलगे. अब्दुल खालिक आणि मुइझुद्दीन, एक दहाच्या आसपास, दुसरा आठेक वर्षांचा. २६ फेब्रुवारीला हत्तीवर बसवून त्यांना कॉर्नवॉलिसच्या तळावर आणलं. रॉबर्ट होमने तो प्रसंग रंगवला आणि इंग्लंडात त्याच्या तसबिरी घरोघर लागल्या: कनवाळू लॉर्ड, पांढऱ्या अंगरख्यातली मुलं. चित्रात हप्ते दिसत नाहीत.

बापाच्या नुसत्या शब्दावर १६ लाख मिळाले होते. तेहेतीस वर्षांनी मुलाला शब्दाच्या जागी पोटची मुलं ठेवावी लागली. याचं एक उत्तर सरळ आहे: रक्कम वीसपट होती आणि इंग्रजांना वसुलीपेक्षा टिपूचं खच्चीकरण हवं होतं. ते खरंच आहे. पण तेवढंच नाही. हैदरच्या वेळी धनको एक होता आणि त्याच्या छावणीत त्याचाच सावकार होता, जो दोन्ही बाजूंना ओळखत होता. १७९२ मध्ये धनको तीन, त्यांच्या टांकसाळी तीन, आणि तिघांनाही चालेल असा एकही सराफ बेटाच्या बाजूने उभा राहायला नव्हता. याला काही अंशी टिपूचं धोरण जबाबदार आहे असं माझं मत आहे. खाजगी सराफ-सावकारांवर त्याचा विश्वास नव्हता. व्यापार सरकारी कोठ्यांतून चालावा, नाणं सरकारचं असावं, नाण्याची नावंसुद्धा नवी असावीत असा त्याचा आग्रह. त्याच्या रुपयाचं नाव इमामी, दुप्पट रुपयाचं हैदरी, सोन्याच्या होनाचं फारुकी. टांकसाळीचं नाव 'पट्टण'. नाणी देखणी आहेत, तांब्याच्या पैशावरचा हत्ती तर फारच. पण लोकांच्या तोंडी आणि हिशेबांत जो होन टिकला तो त्याचा नव्हता. सतराव्या शतकातल्या कंठीरव नरसराज वोडेयराच्या नावाचा कंठीरायी होन एकोणिसाव्या शतकातल्या म्हैसूरच्या हिशेबांतही दिसतो, आणि त्यातली खुबी अशी की होन म्हणून तो कधी पाडलाच गेला नाही. पाडले गेले ते त्याचे दहावे भाग, इवलेसे पणम. दहा पणमांचा एक होन मोजायचा तो मनात. नुसत्या विश्वासावर दोनशे वर्षं चाललेलं चलन या बेटावर होतं, आणि ते सुलतानाच्या हुकुमाने आलेलं नव्हतं.

मुलं ओलीस असतानाच टिपूने पतीचा प्रश्न मुळातून सोडवायचा एक प्रयत्न केला. १७९३-९४ च्या त्याच्या व्यापारी नियमांत एक योजना आहे. कर्कपॅट्रिकने टिपूच्या पत्रांचं जे भाषांतर १८११ मध्ये छापलं त्यात हे नियम मिळतात. रयतेने सरकारी व्यापारात पैसे ठेवावेत. पाचपासून पाचशे इमामीपर्यंत ठेवणाऱ्याला वर्षअखेर मुद्दलावर निम्मा नफा, म्हणजे शेकडा ५०. पाचशे ते पाच हजारांवर शेकडा २५. पाच हजारांच्या वर शेकडा १२. अनुवादक म्हणून आजवर ज्या योजना माझ्या हाताखालून गेल्या त्या सगळ्या याच्या उलट्या होत्या: जास्त खर्च करणाऱ्याला जास्त पॉइंट, सोनेरी कार्ड, मग काळं कार्ड. सर्वांत लहान माणसाला सर्वांत मोठा दर देणारी ही एकच योजना माझ्या पाहण्यात आहे. हेतू उघड आहे. मोठ्या सावकाराला बाजूला ठेवून टिपूला हजारो लहान माणसांकडून पैसा हवा होता. दर इतका चढा का ठेवावा लागला याचाही अंदाज बांधता येतो. ज्याची पत पक्की असते त्याला शेकडा पन्नास द्यावे लागत नाहीत. अलीकडच्या कन्नड लेखनात ही योजना आधुनिक बँकेची नांदी म्हणून गौरवली जाते. मला ती धाडसी वाटते आणि थोडी एकाकीही. बापाने परक्याच्या सावकाराला आपल्या व्यवहारात गुंतवलं होतं. मुलगा सगळी पत बेटाच्या आत उभी करू पाहत होता.

हप्ते मात्र त्याने फेडले. १७९४ च्या मार्चमध्ये देवनहळ्ळीजवळ दोन्ही मुलं परत त्याच्या हवाली झाली. मुलांना पाहून तो काय बोलला याच्या कहाण्या पुष्कळ आहेत आणि एकमेकींशी जुळत नाहीत.

यानंतर टिपूने जी पत शोधली ती पुन्हा पाण्यापलीकडची होती, आणि इथे माझ्या मैत्रिणीचं बेट या गोष्टीत येतं. मॉरिशस तेव्हा फ्रेंचांचं होतं, नाव 'ईल द फ्रांस'. १७९७ च्या अखेरीस टिपूचे वकील गुपचूप तिकडे निघाले. फ्रेंचांनी फौज द्यावी, इंग्रजांना मिळून हाकलू, असं बोलणं करायचं होतं. गव्हर्नर मालार्तिककडे देण्याजोगी फौज नव्हती. त्याने काय केलं? ३० जानेवारी १७९८ ला चक्क जाहीरनामा छापून भिंतींवर लावला, की सुलतानाला स्वयंसेवक हवे आहेत. गुप्त मागणी अशी चव्हाट्यावर आली. एप्रिलमध्ये मंगळूरच्या किनाऱ्यावर उतरली ती शंभराच्या आसपास माणसं. जाहीरनाम्याची प्रत मात्र कलकत्त्याला वेलस्लीच्या टेबलावर पोचली आणि युद्धाला हवं असलेलं कारण त्याला आयतं मिळालं. नदीतल्या बेटाने समुद्रातल्या बेटाच्या भरवशावर केलेला हा व्यवहार. दोन्हीकडे शिल्लक नव्हती.

४ मे १७९९ ला, कावेरी फुगण्याच्या आत, श्रीरंगपट्टण पडलं. टिपू तटाच्या दरवाजापाशी मारला गेला. या खेपेला मराठे आले नव्हते.

गादी वोडेयरांकडे परत गेली आणि राजधानी म्हैसूरला आली. दिवाण झाला पूर्णय्या, जो टिपूचा खजिना सांभाळत होता आणि ज्याने तरुणपणी व्यापाऱ्याच्या पेढीवर हिशेब लिहिण्यापासून सुरुवात केली होती. कंपनीला दर वर्षी ७ लाख होन द्यायचे ठरलं, आणि तो असेपर्यंत ते बिनबोभाट जात राहिले. १८०४ मध्ये त्याने बेटाच्या उत्तर फाट्यावर दगडी पूल बांधला आणि वेलस्लीचं नाव त्याला दिलं. धनकोचं नाव पुलाला देणं हाही एक हप्ताच. त्याच्यामागून तिसऱ्या कृष्णराजांच्या कारकिर्दीत सावकारांची देणी वाढत गेली, कंपनीचं देणं थकू लागलं, नगरच्या भागात रयतेने उठाव केला, आणि १८३१ मध्ये इंग्रजांनी राज्याचा कारभार स्वतःकडे घेतला. संस्थानाची स्वतःची बँक निघायला १९१३ साल उजाडावं लागलं. विश्वेश्वरय्या दिवाण असताना निघालेली ती बँक ऑफ मैसूर. २०१७ मध्ये ती स्टेट बँकेत विलीन झाली तेव्हा आमच्या गल्लीतल्या निवृत्त मंडळींनी कोणी घरचं गेल्यासारखं तोंड केलं होतं. आता देशाच्या नोटाही म्हैसूरला छापल्या जातात.

बेट मात्र १७९९ नंतर म्हैसूर राज्याचं राहिलंच नव्हतं. किल्ल्यासकट ते इंग्रजांनी स्वतःकडे ठेवून घेतलं. पुढे ताप-हिवतापाने तिथलं सैन्य बेजार झालं, छावणी बेंगळुरूला हलली, आणि मग बेटाचं करायचं काय हा प्रश्न आला. तोड निघाली ती भाडेपट्ट्याची. म्हैसूरने स्वतःचीच जुनी राजधानी इंग्रजांकडून वर्षाला ५०,००० रुपये भाड्याने घेतली. १८८१ मध्ये राज्य वोडेयरांना परत मिळालं तेव्हा हा पट्टा संपला: बेट म्हैसूरकडे आलं आणि त्याच्या बदल्यात बेंगळुरूच्या छावणीचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला.